पहिला व्हय

आरोंदा, तरीवरची वाडी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. गौरजा हिस आरोंद्याहून आशीर्वाद.

लग्नाची पत्रिका मिळाली. वाडीतल्या संजनाने आणून दिली, माशांच्या रिकाम्या पाटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. ती रोज खाडीपलीकडे, पलतडच्या बाजारात बसते म्हणून बरं. पोस्टाने आली असती तर आधी सावंतवाडी, मग पणजी, मग आणखी कुठे फिरून आठव्या दिवशी पोचली असती. आमच्या धक्क्यावर उभं राहिलं की तुमच्या दारातला माड दिसतो, आणि पत्राला आठ दिवस! फोन तर तू उचलतच नाहीस. तुझे बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून नाही. म्हणून हे पत्र संजनाकडेच देतेय.

पत्रिका छान आहे. जाड कागद, सोनेरी अक्षरं, वर आपल्या माउलीदेवीचं नाव. "सौ. शेवंती व श्री. गणपत यांची सुकन्या चि. सौ. कां. गौरजा." मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग मला शोधत खाली गेले. काका झाले, आत्या झाली, आणि अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या जरा वर, सापडले एकदाची. "मावशी : श्रीमती यमुना." शिरा पडो त्या सोनेरी शाईवर!

शेवंती माझी सख्खी थोरली बहीण. तिच्याशी माझं भांडण नाही. तुला नऊ महिने वागवली मी आणि वाढवली तिने, हे आमच्या वाडीतलं आणि तुमच्या वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. कागदावर तू तिची आहेस. त्या कागदामुळे तुला गोव्यात सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. कागदाचं मला शिकवू नका, तो झाला तेव्हा मी तिथेच होते.

संजनाने मला सगळं समजावलं. तिकडे लग्न आधी रजिस्टर करावं लागतं, पत्रिका आणि दाखले जुळले पाहिजेत. तुझा होणारा सासरा कचेरीतून निवृत्त झालेला, कागद नखाने खरवडून बघणारा माणूस. त्यात तुमच्या खात्यात लोकांचे दाखले पुन्हा तपासायला घेतलेत म्हणे. समजलं मला. सातवी शिकलेय, ठोंबी नाही.

पण एक ध्यानात ठेव. खाडीच्या दोन तडींना राज्यं दोन असली तरी माउली एकच आहे, आणि ती आमच्या तडीवर आहे. तुमच्याकडच्यांनाही लग्नाआधी नारळ घेऊन इथेच यावं लागतं. बाबू गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा मुलगी कोणाची ते मोठ्याने सांगतो, आणि जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून त्यावर शिक्का मारतात. तिथे रेशनकार्ड चालत नाही. तीस तारखेला तुम्ही सगळे याल, केयूरच्या घरची माणसं घेऊन. त्या दिवशी माझं आणि तुझ्या बाबांचं नाव घ्यायचं, असं मी बाबूला सांगणार आहे. कोणाला काय वाटायचं ते वाटो. माझ्या लेकीच्या लग्नात निदान देवीसमोर तरी मी मावशी होणार नाही.

तुझी आई,
यमुना


आरोंदा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. गौरजा हिस,

एवढ्या मोठ्या पत्राला उत्तर एक ओळ! वर नाव नाही, खाली नाव नाही. "त्या दिवशी तरीवर तू कोण होतीस?"

वाचली, घडी केली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि खाडीत खुबे-शिंपले काढायला गेले. ओहोटी चांगली होती. पाण्यात बसून चिखलात हात घातला की डोक्यातलं सगळं जातं, असा माझा अनुभव. काल गेलं नाही. निम्मी पाटीसुद्धा भरली नाही आणि मी परत आले.

आधी तो कागद कसा झाला ते तुला कोणी धड सांगितलंय काय? शेवंती सांगायला लागली की रडते, आणि तुझे बाबा सांगण्याआधी तंबाखू मळायला घ्यायचे ते मळतच राहायचे. मीच सांगते.

तू पोटात आडवी होतीस. आपल्या बाजूचं मोठं इस्पितळ लांब, आणि रस्ता असा की जीपमध्येच सुटका व्हायची. पलतडचं जवळ. मला तरीच्या होडीत निजवून नेलं. शेवंती सोबत होती. तिथे खिडकीवरचा माणूस म्हणाला, गाव कुठलं, कार्ड दाखवा. आरोंदा म्हटलं असतं तर दहा प्रश्न. मी तर ओठ चावून उभी. शेवंतीने आपलं कार्ड पुढे सरकवलं, आणि केसपेपरवर नाव लागलं शेवंती. सहा दिवस तिथल्या बायका मला "शेवंती, गे शेवंती" म्हणून हाक मारत होत्या आणि मी ओ देत होते.

आम्हाला त्यात काही वाटलंच नाही गो. दोन्ही तडींची माणसं हे करतातच. इथली म्हातारी तिथल्या भाचीच्या पत्त्यावर डोळ्याचं ऑपरेशन करून येते, तिथला मुलगा इथल्या मामाच्या घरचा म्हणून कॉलेजात जातो. सोयरीक एक, देवी एक, सुतक एक. कोणाच्या कार्डावर कोण गेलं याचा हिशेब कोण ठेवणार? मग जन्माचा दाखला आला. आई शेवंती, बाप गणपत.

तुझे बाबा म्हणाले, "बदलून घेवया." मी म्हटलं, "घेवया सावकाश." हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सगळे उलटं समजतात. दाखला बदलू नका म्हणणारी मी. इथली शिकलेली पोरं तिकडे हॉटेलात भांडी घासत होती, आणि तिकडे जन्मलेल्यांना कचेऱ्यांत खुर्च्या मिळत होत्या. मी म्हटलं, देवीनेच दिलाय कागद, तर फाडायचा कशाला? तुला सहाव्या वर्षी पलतडच्या शाळेत घातलं तेही माझ्याच हट्टाने. शेवंतीला मूल नव्हतं. तिने हात पसरून तुला घेतलं, आणि मी म्हटलं, आपल्याच घरात आहे, खाडीपलीकडे तर आहे.

आता तरीचं. तू चौथीत होतीस. पूल नव्हता तेव्हा. दुपारची वेळ, मी धक्क्यावर पेडवे मासे निवडत बसले होते. तरीची होडी टेकली, आणि तू गणवेशातच उडी मारून "आई गो!" करत आलीस आणि माझ्या कमरेला मिठी मारलीस. तुझ्या मागून तुमच्या शाळेचे हेडमास्तर उतरले. नवीनच बदलून आलेले, लांबचे. ते थांबून बघायला लागले. इकडची किती मुलं तुमच्या शाळेत आहेत ते बघायला त्याच महिन्यात वरून माणूस येऊन गेला होता.

मी तुला सोडवली. म्हटलं, "सोड गो! मावशेक आई म्हणतत काय? तुझी आवस पलतडी वाट बघता आसतली." मास्तरांकडे बघून हसले. आणि त्याच तरीत तुला परत बसवून तरीवाल्याला म्हटलं, पोचव हिला शेवंतीकडे. तू रडली नाहीस. जाताना माझ्याकडे पाठ करून बसलीस.

म्हणजे कोण होते मी? मावशी होते. मिळालं उत्तर? त्या वेळी तेच करावं लागलं. माझ्या जागी दुसरी असती तर तिनेही तेच केलं असतं.

यमुना


आरोंदा
रविवार, १६ नोव्हेंबर

चि. गौरजा,

परवाचं पत्र संजनाच्या पाटीत गेलं आणि मला चैन पडेना. त्यात एक गोष्ट मी लिहिली नाही. तुला ती ठाऊक आहे, म्हणून तर तू तसं विचारलंस.

तुला ताप होता.

तू मिठी मारलीस तेव्हा तुझं कपाळ माझ्या पोटाला टेकलं आणि साडीतून मला चटका बसला. मला कळलं होतं, गौरजा. तुला ताप आहे, म्हणूनच तू शाळेतून निघून सरळ माझ्याकडे आलीस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी मास्तरांकडे बघून हसले. तुला पाणीसुद्धा दिलं नाही. पंधरा पावलांवर आपलं घर होतं.

पुढे टायफॉइड निघाला. तू बावीस दिवस इस्पितळात होतीस. शेवंतीने उशाशी बसून काढले ते दिवस. मी एकदा आले, मावशी येते तशी. बिस्किटांचा पुडा आणला, अर्धा तास बसले, शेजारच्या बाईने "तुमची कोण?" विचारलं तेव्हा "बहिणीची" म्हटलं, आणि तरीची वेळ झाली म्हणून उठले. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. झोपलेली नव्हतीस, पापण्या हलत होत्या.

तुझे बाबा मात्र रोज आले. होडी घेऊन जायचे, मासे विकायला जातो असं सांगून. ते मला जन्मात कधी वाईट बोलले नाहीत. त्या दिवसांत एकदाच, आपल्या लेकीवरून म्हणाले, पायावर पाणी घेता घेता, "कागद सांभाळलंस, चेडू घालवलंस." मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. ते खरं बोलले होते म्हणून बोलले नाही.

आणि ते गेले तेव्हा तू बायकांच्या मागे उभी राहिलीस. तुझ्या बापाचं सुतक तू धरलंस ते चोरून. तिसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलीस, कारण रजेच्या अर्जात "मावशीचे यजमान" एवढंच लिहिता आलं आणि तेवढ्याला दोनच दिवस मिळाले. जाताना दारात थांबलीस. मला वाटलं, काहीतरी बोलेल. मी काय म्हटलं आठवतं? "जा, तर चुकात." पूल होऊन किती वर्षं झाली होती, तरीची होडी कुठली! माझ्या तोंडातून तेच निघालं.

तू फोन उचलत नाहीस याचा मला राग होता. आता नाही. तुझाच राग बरोबर आहे. दुसरी असती तर तिनेही तेच केलं असतं, असं मी लिहिलं ना, ते खोडून टाक. शेवंती असती तर तिने मास्तरांच्या समोर तुला उचलून घरात नेलं असतं. चुकलं माझं. सोळा वर्षं हे दोन शब्द म्हणायचे राहिले, आता लिहून ठेवते. चुकलं माझं, बाय.

गाऱ्हाण्याचं मी बाबूला अजून सांगितलेलं नाही. आधी तू सांग काय ते.

यमुना


आरोंदा
रविवार, २३ नोव्हेंबर

चि. गौरजा हिस,

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. यावेळी सहा ओळी. वर "आई" लिहिलं आहेस. ती चिठ्ठी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. संजनाने विचारलं, "काय म्हणता चेडू?" तर मी म्हटलं, काही नाही, साडी कुठल्या रंगाची नेसू ते विचारते. तिचा विश्वास बसला नाही. माझ्या तोंडावर दिसत असणार.

"बाबूकाकांना खरं नाव घ्यायला सांग. केयूरला मी सगळं सांगितलंय, तो माझ्या बाजूने आहे. त्याच्या आई-बाबांना त्याच वेळी कळू दे. नोकरी गेली तर गेली. मला आता कंटाळा आला खोटं नाव घालून फिरायचा." असं तू लिहितेस. माझी लेक खरी! बापावर गेली आहेस. त्यांनाही खोटं पेलवायचं नाही, बाजारात शिळा मासा ताजा म्हणून सांगायची वेळ आली की ते उठून लांब जाऊन उभे राहायचे आणि मी विकायचे.

पण नोकरी गेली तर गेली म्हणतेस ते कसं, गो? तुझ्या वॉर्डातली ती पेडण्याची आजी, जिला तू हाताने पेज भरवायचीस, तिची सून संजनाकडे मासे घेते. ती सांगत होती, आमची म्हातारी रोज "माझी नर्सबाय आली काय" विचारायची. हे सगळं काय, असंच मिळालं? आणि एकट्या तुझं जाणार नाही. शेवंती-गणपतवर खोटा दाखला वापरल्याचा खटला होईल. गणपतला धाप लागते आताशा, पूल ओलांडताना दोनदा थांबतो. या वयात त्याला कचेरीच्या पायऱ्या चढायला लावायच्या काय?

हे सगळं मी लिहितेय म्हणजे तुला अडवतेय असं समजू नकोस. बाबूकडे जाऊन आले. बोलणं झालं. त्याने एक अट घातली, ती मी कबूल केली. तू त्या दिवशी नुसती ये. अबोलीचा वळेसर करून आणते, तो माळ. लहानपणी तुला अबोली आवडायची. आता आवडते की नाही ते मला ठाऊक नाही, तरी आणते.

तुझी आई


आरोंदा
रविवार, ३० नोव्हेंबर, दुपार

गौरजा,

आज तू माझ्याशी बोललीच नाहीस. नारळ झाला, प्रसाद झाला, गाडीत बसताना वळून बघितलंस आणि दार ओढून घेतलंस. तुम्ही पूल ओलांडत होता तेव्हाच मी लिहायला बसले. जेवलेसुद्धा नाही. तुला वाटत असेल, आईने दुसऱ्यांदा तेच केलं. आधी सगळं ऐक, मग काय म्हणायचं ते म्हण.

तुझी चिठ्ठी आली त्याच दिवशी मी बाबूकडे गेले आणि त्याला म्हटलं, गाऱ्हाण्यात नाव शेवंतीचं घे.

म्हातारा भडकला. "पंचवीस वर्सां गाव खोटा बोलता, मी आयकान घेतलंय. पण माउलीसमोर माका बोलूक सांगतंस? माझ्या तोंडात किडे पडतले."

मी म्हटलं, "खोटा खंय? शेवंतेन वाढवल्यान, ताप काढल्यान, शाळेत घातल्यान. मी फकत जन्म दिलंय. माउली काय कार्ड बघता?"

तो उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "बरा. पण मगे पयलो व्हय तुझ्या तोंडातून येऊक व्हयो. जेचा चेडू, तेनाच देऊक व्हया. तू व्हय म्हटलंस तर माउलीक पोचला. नाय म्हटलंस तर मी थयच थांबतलंय." दोन्ही तडींच्या जाणत्या माणसांनाही त्याने तसं सांगून ठेवलं. पहिला होकार जिची लेक तिने द्यायचा, ही त्याची अट.

म्हणून आज ते तसं झालं. तुला कळलं नसेल, केयूरच्या माणसांना तर नाहीच नाही. माणूस साठेक जमलं असेल, आमच्या वाडीचे डावीकडे, तुमचे उजवीकडे, नेहमीसारखे. तुझा सासरा मोबाईल वर धरून सगळं चित्रात घेत होता. बाबूने सुरुवात केली. "गे आई माउले, दोन्ही तडींची लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "चूकभूल झाली आसात ती पदरात घी, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सासऱ्याला गंमत वाटली, तोही म्हणायला लागला.

मग बाबू म्हणाला, "पलतडच्या गणपताच्या आणि शेवंतेच्या चेडवाचा, गौरजेचा, लगीन ठरला आसा, म्हाराजा!"

आणि कोणी काही बोललं नाही.

साठ माणसं, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवंतीने पदर तोंडात कोंबला. गणपत खाली बघत होता. सासऱ्याने मोबाईल खाली केला आणि इकडेतिकडे बघायला लागला, ह्या लोकांना झालं काय म्हणून. ह्या माणसांनी पंचवीस वर्षं तुझ्यासाठी तोंड उघडलं नव्हतं, आणि आज माझ्यासाठी उघडत नव्हती. मला त्या सगळ्यांचे पाय धरावेसे वाटले.

तू माझ्याकडे बघितलंस. मान हलवलीस. डोळ्यांनीच नको म्हणालीस. मी बघितलं ते, गौरजा. मी तुझ्याकडेच बघत होते.

मला वाटलं, आता नाही जमत. नाव घेतलं की तुझी सुटका आणि माझी पण. एवढं एकच "नाय" म्हणायचं होतं. पण तीस वर्षं बाजारात मासे ओरडून विकलेत, तो आवाज आज कामाला आला. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" असं म्हटलं की गाभाऱ्यातली घंटा हलली असेल. मग सगळे म्हणाले. दोन्ही तडी एकदम म्हणाल्या. सासऱ्याने मोबाईल पुन्हा वर केला.

तू म्हणशील, तरीवर ढकललंस आणि देवळातही ढकललंस, फरक काय? फरक मला ठाऊक आहे. तेव्हा मी भ्याले होते. तुझा ताप अंगाला लागला तरी भ्याले. आज भ्याले नाही. चिठ्ठीवर तू "आई" लिहिलंस आणि माझ्यासाठी नोकरी सोडायला निघालीस, तेव्हाच मला माझं सगळं मिळालं. आता ते देवीला सांगायला कशाला हवं? तिला ठाऊक आहे. तुझ्या हातचं काम तुझ्याकडे राहू दे. शेवंतीची म्हातारपणी फजिती नको. आणि मला लेक परत मिळावी म्हणून लेकीचं घर मोडलं, असं मला करायचं नाही. एकदा कागदापायी तुला घालवली, आता माझ्या नावापायी घालवणार नाही.

राग येऊ दे, मी सोसेन. फक्त त्या दिवशीसारखी पाठ करून बसू नकोस.

आता काम सांगते. माझी ही पत्रं चुलीत घाल. पाचही. सगळी माझ्या अक्षरात आहेत आणि सगळं कबूल केलेलं आहे, कोणाच्या हातात पडली तर आजचं गाऱ्हाणं फुकट जाईल. तुझ्या चिठ्ठ्या मी जाळल्या. पहिली पटकन जळली. दुसरीला मला वेळ लागला, तिचा वरचा तुकडा, एका शब्दाचा, मी फाडून ठेवलाय. त्यावर कोणाचं नाव नाही, त्यामुळे धोका नाही.

सोबत एक वेगळं पत्र देतेय. ते मात्र ठेव. कपाटात ठेव, सासूने वाचलं तरी चालेल.

आई


आरोंदा
दि. ३० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. कां. गौरजा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या लग्नाची पत्रिका पोचली. छपाई सुबक आहे. सर्व नावे बरोबर आली आहेत. आज देवीकडे सर्वांची भेट झाली, व्याही मंडळी फार साधी व प्रेमळ वाटली. गाऱ्हाणे उत्तम झाले.

मी लग्नाला चौदा तारखेस सकाळच्या पहिल्या गाडीने येईन. तुझे मावसे आज असते तर त्यांना फार आनंद झाला असता. त्यांचा तुझ्यावर जीव होता, हे तुला ठाऊकच आहे. माझ्या बहिणीने तुला कष्टाने वाढवले. तिला कधी अंतर देऊ नकोस.

थंडीचे दिवस आहेत. लहानपणी तुला ताप पटकन चढायचा, असे तुझी आई सांगते. अंगावर काढू नकोस. बरे वाटेनासे झाले तर इकडे निघून ये. घर धक्क्यापासून पंधरा पावलांवर आहे आणि दार उघडेच असते. कोण बघते आहे याची काळजी करू नये.

मांडवात वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला सांगतील तेव्हा आधी आईच्या पड, मग वडिलांच्या, मग बाकी सर्वांच्या क्रमाने. मावशीची पाळी शेवटी येते. मी थांबेन.

तुझी मावशी,
यमुना